'पब्लिक' म्हणजे कोण?

(महाड येथील युवक-युवतींच्या शिबिरात केलेले भाषण)



मला सांगितलं होतं, मुलांना इंग्रजीची भीती वाटते, त्यावर काहीतरी बोला. माझा उपाय एकच आहे. एक शब्द घ्यायचा आणि तो पूर्ण पिळून काढायचा. आज 'पब्लिक' घेऊ. तो तुम्हाला येतोच. 'उरुसाला काय पब्लिक होतं!' आपण म्हणतो ना? इथं पब्लिक म्हणजे गर्दी. हा अर्थ आपण दिलेला आहे, इंग्रजाचा नाही, पण त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता मराठी प्रतिशब्द बघा. पब्लिक वर्क्स म्हणजे सार्वजनिक बांधकाम. पब्लिक सर्व्हिस कमिशन म्हणजे लोकसेवा आयोग, पब्लिक नोटीस म्हणजे जाहीर नोटीस, पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन म्हणजे जनहित याचिका. पण पब्लिक प्रॉसिक्युटर? सरकारी वकील! इथं घोटाळा सुरू होतो. पब्लिकचं म्हणजे सरकारचं, असं आपल्या डोक्यात बसलंय. म्हणून एसटी स्टँडवरचा नळ गळत असला की आपण म्हणतो, सरकारी आहे, गळू दे. गोंधळ इंग्रजांकडेही आहे. त्यांच्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हणजे सगळ्यात महागड्या खाजगी शाळा. जुन्या काळी घरच्या शिकवणीच्या तुलनेत त्या कुठल्याही गावच्या मुलाला खुल्या होत्या, म्हणून ते नाव. फी भरली की झालं!

जवळचे शब्द आणखी आहेत. कॉमन, ओपन, सिव्हिक. 'कम्युनल'सुद्धा. इंग्लंडात 'कम्युनल किचन' म्हणजे सामायिक स्वयंपाकघर. आपल्याकडे कम्युनल म्हटलं की पुढचा शब्द दंगलच येतो.

आपल्या घरात 'पब्लिक'साठी शब्द आहे 'आम'. आमसभा, आम रस्ता, दिवाण-ए-आम. त्याच्या उलट 'खास'. 'जाहीर'ही अरबीतलाच. पोलादपूरवाल्यांनो, तुमच्या गावाच्या नावात जो पोलाद ऐकू येतो, तो शब्दही फारसीतून आलाय. कोणी म्हटलं की मराठी तुमची नाही, तर एवढं सांगा आणि पुढे चला.

हे सगळं शब्दकोशात सापडेल. शब्दकोशात जे सापडत नाही ते इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. चवदार तळं.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याप्रमाणे तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली. नंतर पंचगव्य टाकून तळं 'शुद्ध' केलं गेलं आणि नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं काय होतं? हे तळं पब्लिक नाही. ते स्पृश्य वर्गांच्या खाजगी मालकीसारखं आहे.

म्हणजे पुढची दहा वर्षं तीन कोर्टांत भांडण कशावर झालं? ज्या शब्दाला आपण 'सोपा इंग्रजी शब्द' म्हणतो, त्याच्यावर. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं सवर्णांचं अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेकडे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे हे सिद्ध होत नाही, असं कोर्ट म्हणालं.

आता आपल्याकडे येते. या गोष्टीत मुसलमान कुठे होते? मार्चच्या मारहाणीत पळणाऱ्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती त्या मंडपासमोर. हे आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. पण त्याच परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. परधर्मीयांना या तळ्यावर पाणी भरायला मनाई नव्हती. पशुपक्ष्यांनाही नव्हती. म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या तिथे घागर बुडवत होतो. शेजारचा माणूस तहानलेला परत जातो हे आपल्याला तेव्हा फारसं खुपलं नव्हतं, असंच मला म्हणावं लागतं. दार आपल्यासाठी उघडं असलं की ते सगळ्यांसाठी उघडं आहे असं वाटतं.

बरोबर हाच शब्द त्याच उच्च न्यायालयात पुन्हा आला, ७९ वर्षांनी. या वेळी दार आपलं होतं. हाजी अली दर्ग्यात मजारीपाशी बायकांना जाऊ देणं बंद झालं, म्हणून नूरजहाँ सफिया नियाझ आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, हा सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट आहे, दर्गा सगळ्यांना खुला आहे. मग बाईला वगळता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका आत गेल्या.

संविधानाचं कलम १५ बघा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांबद्दल ते बोलतं, आणि फक्त सरकारी पैशाचं म्हणत नाही. लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या जागाही त्यात आहेत. अर्पण करणं याला आपल्याकडे कोणता शब्द आहे, सांगा बरं. मागून कोणीतरी म्हणालं. हो, वक्फ.

पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात जमातीचा हॉल आहे. गावाचं नाव नको. जुलै २०२१ च्या त्या पावसात, तळिये आणि साखर सुतारवाडीच्या बातम्या येत होत्या तेव्हा, वरच्या वाडीतली माणसं दरडीच्या भीतीनं त्या हॉलमध्ये राहिली. कोण हिंदू, कोण बौद्ध, कोणी विचारलं नाही. भाकऱ्या आम्ही बायकांनी थापल्या, नंतर फरशीही आम्हीच धुतली. मला त्या गावाचं आजही कौतुक आहे. पुढच्या वर्षी गावातल्या मुलींनी संध्याकाळी दोन तास अभ्यासाला तोच हॉल मागितला. बारावीच्या मुली, घरात जागा नाही. उत्तर आलं, 'हॉल जमातीचा आहे, पब्लिक नाही.' मी विचारलं, भाईजान, जमातीत मुली येत नाहीत का? ते हसले, वाईट माणूस नाहीत, म्हणाले, 'आपा, तुम्ही शब्दात पकडता.'

मुलींनी आता लेखी अर्ज केलाय. मजकूर त्यांचाच. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. हॉलला काय म्हणायचं यावर त्यांचं तासभर भांडण झालं. 'सार्वजनिक' लिहिलं तर कमिटीला वाटेल सरकार आलं. शेवटी लिहिलं, 'आपला आम हॉल'. अर्जावर गावातल्या अकरा सह्या आहेत, त्यातल्या चार मुलग्यांच्या. कागद इथे टेबलावर ठेवते. त्या गावचे तुम्ही तिघं-चौघं आहात, मला दिसताय. चहाला जाण्याआधी वाचून जा.