कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस वेळेचा आणि हिशेबाचा पक्का असतो म्हणतात. घरचे लोक तसं म्हणत नाहीत, तो भाग वेगळा.

मघाशी पडद्यावर आपल्या पहिल्या गणेशोत्सवाची फिल्म दाखवली. ती कुठून मिळाली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. ती माझ्या कॅमेऱ्यातली. आपण इथं राहायला आलो त्या वर्षी पुतण्याने दुबईहून हँडीकॅम आणला होता, 8 मिलिमीटरच्या कॅसेटचा. मी दिसेल ते टिपत सुटलो. पाण्याच्या टँकरपुढची बादल्यांची रांग, कोजागिरीचं दूध, मुलांच्या लिंबू-चमचा शर्यती. पुढे मोबाइल आले, कॅमेरा माळ्यावर गेला आणि कॅसेटी कपाटात.

गेल्या पावसाळ्यानंतर तो डबा उघडला, तर दोन कॅसेटींच्या टेपवर पांढरी बुरशी! टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर चिकटवलेला असतो, त्यातच आपलं चित्र आणि आवाज. आपल्याकडच्या दमट हवेत तो थर खराब होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. बुरशी लागलेली कॅसेट ‘बघू तरी चालते का’ म्हणून कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेऱ्याचं हेड घाण होतं आणि ती बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागू शकते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

दुसरी अडचण यंत्राची. मोठ्या व्हीएचएस कॅसेटींसाठी व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनंही 2016 साली उत्पादन थांबवलं. म्हणजे लॉकर शाबूत आहे, पण किल्ली मिळत नाही, अशी वेळ यायला लागली आहे.

काम तसं अवघड नाही. कॅमेऱ्याची तीन रंगांची वायर असते. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. ती एका छोट्या कॅप्चर यंत्राला लावायची आणि ते यंत्र कॉम्प्युटरला. मग कॅसेट चालवायची. दीड तासाच्या कॅसेटला दीड तासच लागतो, त्यात शॉर्टकट नाही. ज्यांच्याकडे नंतरच्या काळातल्या मिनी डीव्ही कॅसेटी आहेत, त्यांचं मुद्रण मुळातच डिजिटल. ते फायरवायरच्या केबलने जसंच्या तसं उतरवता येतं, फक्त तासाला सुमारे 13 जीबी जागा लागते. साध्या डीव्हीडीत मावतात 4.7 जीबी. म्हणून मूळ उतारा हार्ड डिस्कवर ठेवा आणि डीव्हीडी घरात सगळ्यांनी बघायला करा.

आता माझी चूक सांगतो. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी पहिल्या काही कॅसेटी मी एका दुकानात दिल्या होत्या. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, नको असलेला भाग कापू का? सगळं एका डिस्कमध्ये बसेल.” मी म्हटलं, काप. डिस्क मिळाल्या आणि पुढं दिवाळीची आवराआवर करताना मी त्या मूळ कॅसेटी भंगारात दिल्या.

त्यात आमच्या वास्तुशांतीची कॅसेट होती. त्या दिवशी कॅमेरा चालूच ठेवून मी तो टेबलावर विसरलो होतो. वीसेक मिनिटं नुसता टेबलाचा पाय आणि स्वयंपाकघराचं दार. पण मागे माझ्या आईचा आवाज होता. शेजारच्या वहिनींना ती प्रसादाच्या शिऱ्याचं सव्वाचं माप सांगत होती. सगळं सव्वा घ्यायचं, आणि केळं तुपातच परतायचं. आई कॅमेरा समोर आला की पदर तोंडावर घ्यायची, एक शब्द बोलायची नाही. तिचा मोकळा आवाज मुद्रित झाला तो तेवढाच. तोच ‘नको असलेला भाग’ ठरला. आई जाऊन आता वीस वर्षं होतील. तिचा आवाज आमच्याकडे आज कुठंही नाही.

दुकानातल्या मुलाचा दोष नाही. सूचना माझी होती. बँकेत मी कधी मूळ व्हाउचर फाडू दिलं नाही, आणि घरचं मात्र स्वतःच्या हातानं दिलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. काही कापू नका. हललेलं, अंधारलेलं, टेबलाच्या पायाचं, सगळं उतरवून घ्या. उतरवलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघा आणि त्यानंतरही मूळ कॅसेट टाकू नका. तीन प्रती करा, एक दुसऱ्या गावी मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. डीव्हीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका, त्यासाठीचं मार्कर पेन मिळतं. डीव्हीडीही कायमची नाही. नव्या लॅपटॉपला ती घालायची सोयच नसते. तेव्हा चार-पाच वर्षांनी नवी प्रत काढत राहा. आणि फिल्ममध्ये कोण कोण आहे ते वहीत लिहा. आज आपल्याला नावं आठवतात.

माझ्या कॅमेऱ्याचं हेड मी साफ करून घेतलं आहे, तो अजून उत्तम चालतो. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी तो घेऊन सोसायटीच्या ऑफिसात बसेन. ए विंगमधली दोन मुलं लॅपटॉप घेऊन येणार आहेत. 8 मिलिमीटरच्या कॅसेटी आणि एक हार्ड डिस्क घेऊन या. खर्च काही नाही, चहा मात्र आणा.

मघाची फिल्म बघून आपल्या पहिल्या सेक्रेटरींची मुलगी माझ्याकडे आली. बाबा आरतीत दिसले, हे तिला ठाऊक होतं, फोटो घरी आहेत. ती म्हणाली, “काका, मध्येच ‘अरे, पंखा बंद करा, समई विझेल’ असं कोण ओरडलं? बाबाच ना?”

हो, तेच. तिची प्रत मी उद्याच देणार आहे.

माझी पाच मिनिटं कधीच संपली आहेत.