नकाशावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या भूगोलात अमुक संशोधकाने अमुक नदी ‘शोधून काढली’ असे शिकविले जाते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या नदीवर मासेमारी करीत आल्या, त्यांच्या दृष्टीने ती कधीच हरवलेली नव्हती. तिला नावही होते. मग नव्या नावाची गरज कोणाला भासली? याचे उत्तर भूगोलात नाही, अर्थकारणात आहे.

आफ्रिकेतील काँगो नदीचे उदाहरण घ्यावे. १८७४ मध्ये झांजिबारहून निघालेला हेन्री मॉर्टन स्टॅन्ली १८७७ मध्ये या नदीच्या मुखाशी पोहोचला. त्याचे तिन्ही युरोपीय सहकारी वाटेत मरण पावले. ओझी वाहणारे आफ्रिकी हमाल तर मोठ्या संख्येने दगावले. नकाशावर ‘स्टॅन्ली धबधबे’ उमटले, हमालांपैकी कोणाचेही नाव उमटले नाही. १८७९ पासून हाच स्टॅन्ली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या चाकरीत काँगोत परतला. ज्या भाषेचे अक्षरही टोळीप्रमुखांना वाचता येत नव्हते, त्या भाषेतील करारांवर त्यांच्या खुणा घेण्यात आल्या. कापडाच्या मोबदल्यात जमिनीवरचा हक्क गेला. १८८५ मध्ये हा अवाढव्य प्रदेश जणू लिओपोल्डची खासगी जहागीर झाला. त्या राजाने काँगोत कधी पाऊलही ठेवले नाही. रबराचा ठरलेला भरणा न करणाऱ्या गावांवर जे अत्याचार झाले, त्यांचा जगभर बोभाटा झाल्यावर १८०८ नव्हे, तर थेट १९०८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांच्या लुटीनंतर, ही जहागीर बेल्जियम सरकारकडे गेली. नकाशा हा साम्राज्यशाहीचा सातबारा होता. नावाची नोंद आधी झाली, ताबा मागाहून आला.

काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये स्टॅन्लीव्हिलचे किसांगानी आणि लिओपोल्डव्हिलचे किन्शासा झाले. १९६७ च्या प्रारंभी तांब्याच्या खाणीही सरकारी मालकीच्या झाल्या. हे सारे योग्यच होते. परंतु १९७३ मध्ये हुकूमशहा मोबुटूने आल्बर्ट सरोवराला स्वतःचेच नाव दिले! राणी व्हिक्टोरियाच्या पतीच्या जागी मोबुटू आला. खाणींचे उत्पन्न त्याच्या आणि त्याच्या बगलबच्च्यांच्या घशात गेले. खाणीत राबणारा होता तेथेच राहिला.

याउलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. १८७३ मध्ये विल्यम गॉस या संशोधकाने वाळवंटातील एका प्रचंड खडकाला हेन्री एअर्स या वसाहतीच्या उच्चाधिकाऱ्याचे नाव दिले. तेथील अनांगू आदिवासी त्याला उलुरू म्हणत. १९८५ मध्ये सरकारने त्या जमिनीची मालकी अनांगूंना परत केली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. उलुरू हे नाव सरकारदरबारी रुजू झाले ते त्यानंतर, १९९३ मध्ये, आणि तेही जोडनावाच्या रूपात. २०१९ मध्ये त्या पवित्र खडकावर चढण्यास बंदी झाली. जमिनीचा हक्क हाती असल्यामुळेच अनांगूंच्या शब्दाला वजन आले.

म्हणून नामांतराची मागणी क्षुल्लक मानू नये. ज्यांचे नाव पुसले गेले त्यांच्या स्वाभिमानाचा तो प्रश्न असतो. मात्र पाटी बदलल्याचा गुलाल उधळून झाल्यावर, ही जमीन, हे पाणी, ही खाण कोणाच्या नावे आहे, हे विचारल्यावाचून कार्यकर्त्याने घरी परतू नये.