युंग यांची मानसचिकित्सा

वैद्याकडे जाणारा मनुष्य बहुधा काहीतरी दुखते म्हणून जातो. स्वित्झर्लंडमधील मनोवैद्य कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५–१९६१) यांच्याकडे येणारे सर्वच तसे नव्हते. आपल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना शास्त्रात नाव असलेला कोणताही मनोविकार नाही, आयुष्य निरर्थक वाटते हेच त्यांचे दुखणे आहे, असे त्यांनी १९२९ साली नमूद केले. वय उताराला लागलेले, संसार व प्रतिष्ठा यथास्थित असलेले, आणि तरीही पुढची वाट खुंटलेले असे ते लोक होते.

तरुण रुग्णाला जगाशी जुळवून घेण्यास शिकविणे योग्य. तेथे फ्रॉइड वा ॲडलर यांची पद्धत युंग यांना चालत असे. परंतु ज्याने हे केव्हाच साधले आहे, त्याला तोच धडा पुन्हा काय द्यावयाचा? म्हणून ते त्याच्या स्वप्नांकडे वळत. जाणिवेचा तोल एका बाजूस कलला की नेणीव स्वप्नातून दुसऱ्या पारड्यात वजन टाकते, अशी त्यांची धारणा होती. मात्र वैद्याने काढलेला अर्थ रुग्णाच्या मनाला पटला नाही, तर तो कितीही पंडिती असला तरी व्यर्थच.

स्वप्नातील दृश्य कागदावर रंगवावे, असेही ते सांगत. चित्रकला येत नाही ही सबब ठरलेली. हल्लीच्या चित्रकारांकडे बोट दाखवून युंग ती थट्टेवारी नेत. चित्र चांगले उतरले तर उलट पंचाईतच, कारण मग रुग्ण त्यास कलाकृती समजू लागतो! खरा लाभ निराळाच आहे. मन काळवंडले असता चित्र काढल्याने मोकळे वाटते, हे एकदोनदा अनुभवले की रुग्ण पुढच्या खेपेस वैद्याचे दार न ठोठावता रंग घेऊन बसतो. फ्रॉइडशी फारकत झाल्यावर, १९१३ पासून, युंग यांनी स्वतःवर हाच प्रयोग केला होता. त्यांची ती सचित्र लाल वही २००९ साली प्रसिद्ध झाली.

या पद्धतीचे यश मोजमापाने सिद्ध करणे कठीण, हा आक्षेप खराच आहे. तथापि रुग्णास कायमचे बांधून ठेवण्याचा दोष तिला लावता येणार नाही. आरंभी आठवड्यातून तीनचार भेटी, पुढे एकदोनच. आणि दर दहा आठवड्यांच्या सुमारास उपचार थांबवून युंग रुग्णास त्याच्या नित्याच्या जीवनात परत धाडीत.