औषधाची बाटली आधी वाचू या

आमच्या बचत गटातल्या निम्म्याहून जास्त बाया कपाशीत मजुरीला जातात. कोणी निंदणाला, कोणी वेचणीला, कोणी फवारणीवाल्याला पाणी भरून द्यायला. औषधाबद्दल प्रत्येकीच्या कानावर वेगळंच येतं. दुकानदार म्हणतो, "हे साधंच आहे." मालक म्हणतो, "काल मारलंय, आज चालतं." मोबाइलवर येतं, "दूध प्या, विष उतरतं." यातलं कोणतं धरायचं, हे ठरवायला आम्ही गटात चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय? दुकानदाराला माल विकायचा असतो, मालकाला काम उरकायचं असतं. ते खोटंच बोलतात असं नाही. पण नुसत्या त्यांच्या शब्दावर जीव धोक्यात घालायचा नाही.

दुसरा प्रश्न, हे लिहिलेलं कुठे आहे? कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. त्यानुसार डब्यावर रंगाची खूण आणि सोबत माहितीपत्रक द्यावंच लागतं, तेही त्या भागातल्या भाषेत. लाल खूण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी. हिरवी म्हणजे निर्धोक नव्हे, त्यातल्या त्यात कमी विषारी, एवढंच. पत्रकात बाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि घ्यायची काळजी दिलेली असते. अक्षर बारीक असतं, म्हणून गटातली एक मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात.

तिसरा प्रश्न, लिहिलंय ते आपल्याच प्रश्नाचं उत्तर आहे का? पत्रकात "प्रतीक्षा कालावधी" असतो. तो शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचा, म्हणजे माल खाणाऱ्यासाठी. निंदणाऱ्या बाईने शेतात कधी शिरावं, हे त्यावरून ठरत नाही. फवारा सुकल्याशिवाय तर शिरायचंच नाही. पुढे किती थांबायचं, ते त्या औषधाचं नाव सांगून विचारायचं.

चौथा प्रश्न, विचारायचं कोणाला? कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. फोन फुकट आहे. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली घटकाचं नाव लहान अक्षरांत असतं, ते वाचून दाखवायचं. एकच घटक वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. दोन ठिकाणी विचारा. उत्तरं जुळली नाहीत, तर ज्यात काळजी जास्त, ते धरा.

आणि कोणाला मळमळ, घाम, अंधारी, श्वासाला त्रास झाला, तर विचारत बसू नका. दूधही नको, गूळही नको. अंगावरचे कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. काय अंगात गेलं, हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो लोक दवाखान्यात गेले, कित्येकांचे जीव गेले. मरणाऱ्यांत मजूरही होते.

मजुरी बुडेल, ही भीती आम्हालाही आहे. एकटीने "आज शेतात शिरत नाही" म्हटलं, तर मालक दुसरीला बोलावतो. दहाजणींनी पत्रक समोर धरून म्हटलं, तर त्याला ऐकावं लागतं. म्हणून पुढच्या बैठकीला येताना आपल्या मालकाकडून माहितीपत्रक मागून आणा. रिकामा डबा मात्र घरी आणू नका.