आधी अर्थिंग, मग ट्यूनिंग

गाडीत कंपनीच्या ईसीयूऐवजी (इंजिन चालवणारा संगणक) बाहेरचा ईसीयू बसवला आणि हेडलाइट लावताच इंजिन अडखळू लागलं, तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी अर्थिंग पाहा. मीटर ओहमवर ठेवून काही कळत नाही. दोन-चार तारा शाबूत असलेली केबलही तिथे पास होते. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. इंजिन, पंखा, दिवे सगळं चालू. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरा ईसीयूच्या अर्थवर. आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला, तर सांधा संशयास्पद. बहुधा अर्थ केबलच्या टोकाच्या लगखाली रंग किंवा गंज असतो; धातू चमकेपर्यंत घासा. सेन्सरची अर्थ वायर मात्र बॉडीला नको, ती ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनलाच न्यायची. हौशी वायरिंगमध्ये ती बॉडीला जोडण्याचा घोळ हमखास!