सर्पविष आणि रक्तदाबाची गोळी

पुण्यांतील पुष्कळ घरांत सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेणारें एखादें वडील माणूस असतें. अलीकडे त्याच्या कानीं ‘पेप्टाइड’ हा शब्द पडतो, आणि नवें इंजेक्शन निघालें असतां ही जुनी गोळी कशाला, असा प्रश्न मनांत उभा राहतो. त्या गोळीचें कूळ पाहिलें म्हणजे उत्तर सांपडतें.

पेप्टाइड म्हणजे अमिनो अम्लांची लहान साखळी. जराराका सर्पाचें विष रक्तद्रवांत मिसळलें असतां रक्तवाहिन्या सैल करणारें ब्रॅडिकिनिन हें पेप्टाइड उत्पन्न होतें, असें १९४८ सालीं ब्राझीलमध्यें रोशा ए सिल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांस दिसलें. त्याचा प्रभाव वाढविणारीं द्रव्यें त्याच विषांत आहेत, हें सेर्जिओ फेरेरा यांनीं १९६५ मध्यें दाखविलें. ब्रॅडिकिनिन मोडणारें व रक्तवाहिन्या आवळणारें द्रव्य घडविणारें जें एन्झाइम शरीरांत असतें, त्यासच हीं द्रव्यें अडवितात. मग रक्तदाब उतरतो. परंतु पेप्टाइड तोंडानें घेतल्यास पोटांत पचून जातें. म्हणून अमेरिकेंत कुशमन व ओन्डेट्टी यांनीं त्याच धर्तीवर लहानसा रेणु रचला. तेंच कॅप्टोप्रिल, त्यास १९८१ सालीं तेथें मान्यता मिळाली. एनॅलाप्रिल व रॅमिप्रिल हीं त्याचींच भावंडें. सारांश, आजची गोळी ही पेप्टाइड-संशोधनाचीच कन्या होय.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचें मूळ रक्तदाबाच्या ५० रुग्णांस देऊन निष्कर्ष १९४९ मध्यें प्रसिद्ध केले, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वळलें. वनस्पति जुनीच होती. नवी होती ती परीक्षा.

पेप्टाइडांसही हाच न्याय. हृद्रोग किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व्यक्तींवर सेमाग्लुटाइडची परीक्षा झाली. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें हृदयाचा झटका, पक्षाघात व तज्जन्य मृत्यु यांचें एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनीं घटलें. मात्र तें औषध नेहमींच्या उपचारांच्या जोडीला दिलें होतें, त्यांच्या जागीं नव्हे.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, म्हणूनच तो फसवितो. गोळीनें कोरडा खोकला लागल्यास डॉक्टरांस सांगावें. दुसरी गोळी देतां येते. पण परीक्षा न झालेल्या इंजेक्शनाच्या भरंवशावर ती आपण होऊन सोडणें, म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागणें होय.