भाताची वाळवणी : उष्णता आणि विश्रांती

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



पीक चांगले आले, दाणाही भरला, तरी गिरणीत भात भरडल्यावर कणी जास्त निघते आणि भाव पडतो, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. कोकणात तर हळव्या भाताची कापणी परतीच्या पावसात सापडते आणि ओले भात लवकर वाळवण्याची घाई होते. कणीचे मूळ पुष्कळदा या घाईत असते. म्हणून दाण्याला उष्णता कशी मिळते, हे आज आपण समजून घेऊ.

फुटाण्याची भट्टी आपण पाहिलीच आहे. भट्टीवाला हरभरा तापलेल्या वाळूत टाकून सारखा हलवतो. नुसत्या कढईत दाणा एका बाजूने करपतो. नुसत्या गरम हवेत तो सावकाश तापतो, कारण हवेत उष्णता फार थोडी मावते. तेवढ्याच जागेतील वाळूत हवेच्या सुमारे हजारपट उष्णता मावते. वाळूचा बारीक कण दाण्याला टेकतो, आपली उष्णता देतो आणि बाजूला होतो. त्याची जागा दुसरा तापलेला कण घेतो. म्हणून वाळू बारीक हवी आणि ती हलती हवी.

खालून जोराची हवा सोडली की वाळू उकळत्या पाण्यासारखी खेळू लागते. याला तरंगता थर म्हणतात. भाताचा तूस जाळणाऱ्या काही बॉयलरमध्ये अशीच वाळू वापरतात. भात वाळवण्याच्या यंत्रात मात्र वाळू नसते. तेथे दाणेच सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाच्या गरम हवेवर तरंगतात. ढिगात खालचा दाणा जास्त वाळतो व वरचा ओला राहतो. येथे प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी हवा लागते. थायलंडमधील भात गिरण्यांत १९९० नंतरच्या दशकात अशी यंत्रे आली.

परंतु दाण्याच्या सालीपर्यंत उष्णता पोचली म्हणजे काम झाले असे नाही. दाण्याची जाडी दुप्पट असेल, तर गाभा तापायला सुमारे चौपट वेळ लागतो. गाभ्यातील ओल बाहेर यायला तर त्याहूनही पुष्कळ अधिक वेळ लागतो. बाहेरचा भाग वाळून आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि दाण्यात ताण येतो. पुढे तडे जातात आणि गिरणीत त्याची कणी होते. अशा वेळी आच वाढवली तर नुकसानच वाढते.

म्हणूनच या यंत्रात १०० अंश सेल्सिअसच्या वरची हवा ओल्या भाताला काही मिनिटेच देतात. ओलावा १८ ते १९ टक्क्यांवर आला की भात सुमारे अर्धा तास तसेच मुरू देतात. तेवढ्यात आतली ओल बाहेरच्या भागात येते. उरलेली वाळवण साध्या हवेने करतात. पंख्याला वीज बरीच लागते, त्यामुळे असे यंत्र एकट्या शेतकऱ्यापेक्षा गिरणीला किंवा सहकारी संस्थेला अधिक परवडते.

खळ्यावर वाळवतानाही हेच तत्त्व लागू पडते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. भाताचा थर २ ते ४ सेंटिमीटर ठेवावा व दर अर्ध्या तासाने हलवावा.

२. भर दुपारच्या कडक उन्हात भात गोळा करून झाकावे. हीच त्याची मुरण्याची वेळ.

३. सायंकाळी भात झाकून ठेवावे, दव लागू देऊ नये. वाळलेला दाणा पुन्हा ओल शोषताना हमखास तडकतो.

४. बियाण्याचे भात यंत्रात वाळवायचे असल्यास हवा ४० अंशांपेक्षा गरम नसावी. उगवणशक्ती कमी होते.

५. भुईमुगाची शेंग जाड असते. तिला ३५ अंशांपेक्षा जास्त गरम हवा देऊ नये.

६. साठवणीपूर्वी भाताचा ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर आणावा.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, थोडे लक्ष लागते. येत्या हंगामात निम्मे भात या पद्धतीने व निम्मे नेहमीप्रमाणे वाळवा, वेगवेगळे भरडा आणि दोन्हींतील कणी तोलून पाहा.